मिठीला थांबायला जागा: माहीमच्या खाडीचे प्रकरण

ओहोटी लागली की धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांच्या मधल्या पुलावर थोडा वेळ थांबून खाली पाहावे. पाणी काळपट असते, वासही येतो. दोन्ही काठांना काँक्रीटच्या उभ्या भिंती आहेत. भिंतीच्या पायथ्याशी ओला, गुळगुळीत गाळ उघडा पडतो आणि त्यातून बोटभर उंचीची, पेन्सिली उलट्या रोवाव्यात तशी शेकडो मुळे वर आलेली दिसतात. ही तिवराची श्वसनमुळे. चिखलात हवा नसते, म्हणून हे झाड मुळांना वर पाठवून श्वास घेते. हाताशी आलेल्या फांदीचे पान उन्हात उलटसुलट करून पाहिले तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकतात. जिभेला लावले तर खारट लागते. खाऱ्या पाण्यातले जास्तीचे मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकते. शहराने इथे मलजल सोडले, प्लास्टिक सोडले, राडारोडा ओतला, तरी ही झाडे उभी आहेत.

किनाऱ्यावरच्या शहराला हिरव्या पायाभूत सुविधा, म्हणजे पाणी झेलणारी दलदल, झाडे आणि मोकळी जमीन, का लागतात आणि त्यांचे नियोजन नेमके कुठे चुकते, हे समजून घ्यायला मला मिठी नदीचा हा खालचा पट्टा सर्वांत चांगला वाटतो. चांगला अशासाठी की एका मोठ्या शहराने खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याची दलदल, कसे गमावले, त्याची किंमत कशी मोजली, नंतर काय बांधले, काय वाचवले आणि काय अजून केलेच नाही, हे सगळे सात-आठ किलोमीटरच्या आत पायी फिरून पाहता येते.

मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते. विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला, पवई त्यानंतर. तिथून सुमारे १८ किलोमीटरचा प्रवास: आरे, साकीनाका, विमानतळाची धावपट्टी, कुर्ला, कालिना, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी, आणि शेवटी माहीमची खाडी. वाकोल्याचा नाला वाटेत येऊन मिळतो. ज्या प्रदेशाचे पावसाचे पाणी मिठीत येते, तो सुमारे ७३ चौरस किलोमीटरचा आहे. नदी म्हणून लहानच. पण वरचा भाग डोंगराळ, उताराचा. खालचा भाग सपाट आणि भरतीच्या हद्दीतला. वर पडलेला पाऊस दोन-तीन तासांत खाली पोहोचतो, आणि खाली त्याची गाठ समुद्राशी पडते. समुद्र भरतीला असेल तर पाणी बाहेर जात नाही. मग ते कुठेतरी थांबणार. कुठे थांबणार, हा या प्रकरणाचा सगळा प्रश्न आहे.

पूर्वी ते खाजणात थांबत असे. वांद्रे, धारावी, शीव, कुर्ला यांच्या मधला दलदलीचा पसारा उधाणाच्या भरतीला पाण्याखाली जायचा, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत अर्धा कोरडा राहायचा. पावसात वरून लोंढा आला की तो या पसाऱ्यावर हातभर पसरायचा आणि सुकती लागली की हळूहळू खाडीवाटे निघून जायचा. मुंबईत भरती-ओहोटीचे चक्र दिवसातून दोनदा फिरते. भरतीच्या टोकापासून ओहोटीच्या टोकापर्यंत साधारण सहा तास जातात. म्हणजे पाण्याला फार काळ थांबवायचे नव्हतेच. तीन-चार तास पुरे होते. खाजण शहराला तेवढा वेळ मिळवून देत असे, आणि त्याचे बिल कुणालाच येत नसे. म्हणूनच कदाचित त्याची किंमत कुणाच्या हिशेबात आली नाही.

खाजण कसे गेले

एका दिवसात गेले नाही, आणि प्रत्येक वेळी कारण समजण्यासारखे होते. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला. माहीम-वांद्रे ये-जा होड्यांतून करताना लोक बुडत, म्हणून तो हवाच होता. पण खाडीचे तोंड आवळले गेले. पुढे वांद्रे रेक्लमेशनच्या भरावाने माहीमचा उपसागर आणखी अरुंद झाला. विमानतळ वाढला तेव्हा नदीला धावपट्टीच्या भोवती वळवले, काही भाग खालून नेला. तिथे ती जवळजवळ काटकोनात वळते, आणि वेगात आलेले पाणी काटकोनात वळवले की ते फुगणारच. धारावीच्या कडेला शहराचा कचरा पडत राहिला. काठावर, जिथे जमिनीला मालक विचारायला येत नव्हता, तिथे गरिबांनी घरे बांधली.

आणि १९७७ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन आले. दक्षिण मुंबईतली कार्यालयांची गर्दी उत्तरेला हलवायची, हा हेतू होता आणि नियोजनाच्या दृष्टीने तो चुकीचा नव्हता. जागा मात्र निवडली ती मिठीच्या मुखाजवळची, सुमारे ३७० हेक्टर सखल, दलदलीची.

इथे एक साधा हिशेब मांडतो. ७३ चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला, तर ते पाणी सुमारे ७३० कोटी लिटर होते. ३७० हेक्टर जमिनीवर सरासरी एक मीटर उंचीचे पाणी उभे राहिले तर ३७० कोटी लिटर मावते. म्हणजे शंभर मिलिमीटरच्या पावसातला निम्मा भाग. हा हिशेब ढोबळ आहे, हे मला माहीत आहे. भर उधाणाला खाजणाचा बराच भाग समुद्राने आधीच व्यापलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात मावणारे पाणी याहून बरेच कमी. सगळे ३७० हेक्टर भरावाआधी सारख्याच खोलीचे होते असेही नाही. तरीही आकड्याचा आवाका पाहिला की कळते, आपण एक ओसाड दलदल बुजवली असे म्हणत होतो तेव्हा खरे तर शहरातली पाण्याची सर्वांत मोठी टाकी बुजवत होतो.

२६ जुलै २००५

या दिवसाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मुंबईत त्या दिवशी असलेल्या प्रत्येकाकडे स्वतःची एक कहाणी आहे. इथे फक्त पाण्याच्या बाजूने पाहू. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्यात अवघा ७३ मिलिमीटर. म्हणजे ढग नेमका मिठीच्या आणि पश्चिम उपनगरांच्या डोक्यावर होता. दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात १९० मिलिमीटर पाऊस झाला. आणि चारच्या सुमारास ४.४८ मीटरची भरती होती. वरून लोंढा आणि खालून समुद्र, दोन्ही एकाच वेळी. शहराच्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, आणि तेही ओहोटी गृहीत धरून, बांधलेल्या होत्या. समुद्रात व खाड्यांत उघडणारी त्यांची बहुतेक पातमुखे भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती चढली की त्यांतून पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येऊ पाहते.

पाणी कालिन्यात, कुर्ल्यात, वांद्रे-कुर्ला संकुलात, विमानतळावर थांबले. म्हणजे साधारण जिथे ते पूर्वी थांबत होते, तिथेच. फरक एवढाच की आता तिथे माणसे राहत होती. मुंबईत चारशेहून जास्त जीव गेले. पुढच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने आणखी माणसे गेली. अनेक मुंबईकरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले की ज्याला ते नाला म्हणत होते तिला नाव आहे आणि ती नदी आहे.

राज्य सरकारने ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिचा २००६ चा अहवाल अजूनही काढून वाचावा असा आहे. शहर म्हणजे वॉर्ड आणि रस्ते हा विचार सोडून पाणलोटाच्या सीमांनी शहराकडे पाहायला त्याने सांगितले, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट. पाणी वॉर्डाची हद्द पाळत नाही.

त्याआधीच, ऑगस्ट २००५ मध्ये, मिठी नदी विकास आणि संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. काम दोघांत वाटले गेले: वरचे ११.८४ किलोमीटर महापालिकेकडे, खालचे ६ किलोमीटर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. पात्र रुंद केले, खोल केले, गाळ काढला, काठांना संरक्षक भिंती बांधल्या. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात सुचवलेली, पण तोवर रखडलेली कामे धडाक्यात निघाली. जलवाहिन्यांची क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचे ठरले, भरतीच्या वेळी पाणी उचलून समुद्रात टाकण्यासाठी आठ उदंचन केंद्रे ठरली. हाजी अली, इर्ला, क्लीव्हलँड बंदर, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया आणि गझदरबंध अशी सहा उभी राहिली. माहुल आणि मोगरा वर्षानुवर्षे अडकली.

ही कामे वाया गेली असे मी म्हणणार नाही. पंप नसते तर दादर-परळ-वरळीत आज काय झाले असते, ते तिथले लोक सांगतील. पात्र रुंद केल्याचाही फायदा झाला. पण भिंतीबद्दल माझी तक्रार आहे. नदीला भिंत बांधली की पाणी वेगाने पुढे जाते, हे खरे. पुढे कुठे, तर खाडीच्या अरुंद तोंडाशी, जिथे भरती उभी आहे. आणि भिंतीच्या पलीकडे जे थोडे खाजण उरले होते, ते नदीपासून तुटले. भिंतीमागच्या तिवरांना भरतीचे पाणी मिळेनासे झाले की त्यांच्या मुळांशी माती सुकते, वर्ष-दोन वर्षांत शेंडे वाळतात, आणि मग एखाद्या पाहणीत ती जागा ‘विरळ झुडपे’ म्हणून नोंदली जाते. नदीला पसरण्यापासून अडवणारी भिंत आणि पाण्याच्या लोंढ्यापासून घर वाचवणारी भिंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी घराजवळ असते, पहिली पात्राला चिकटून. आपण बहुतेक ठिकाणी पहिलीच बांधली.

परिणाम पाहा. २ जुलै २०१९ ला सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुर्ला पुन्हा पाण्यात गेले. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मिठीची पातळी ३.९ मीटरपर्यंत चढली, तेव्हा कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधल्या शेकडो रहिवाशांना रातोरात नव्हे तर दिवसाढवळ्या घरे सोडून हलावे लागले. वीस वर्षांनंतरही त्याच वस्तीतल्या त्याच माणसांनी तेच गाठोडे बांधायचे, हे पाहवत नाही.

जे वाचले

कांदळवनांची, म्हणजे तिवरासारख्या खाऱ्या पाण्यातल्या झाडांच्या रानांची, गोष्ट इतकी निराशेची नाही, आणि ते सांगायलाच हवे. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये, म्हणजे महापुरानंतर तीन महिन्यांच्या आत, राज्यभरातल्या कांदळवनांची तोड आणि त्यांवरचे भराव थांबवणारा आदेश दिला. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने म्हटले की कांदळवने नष्ट करणे हा घटनेच्या कलम २१ ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि त्यांच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखला. २०१२ मध्ये वन विभागात कांदळवन कक्ष सुरू झाला. केवळ कांदळवनांसाठी वेगळा कक्ष काढणारे राज्य म्हणून महाराष्ट्राचे कौतुक झाले आणि ते रास्त होते. ठाणे खाडीच्या पश्चिम काठाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाले, २०२२ मध्ये ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या, यादीत गेली. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हे राज्य कांदळवृक्ष ठरले. ही यादी मी मनापासून, अभिमानाने लिहितो आहे, कारण ही झाडे न्यायालयाच्या दारात बसलेल्या मोजक्या नागरिकांमुळे वाचली.

पण याच यादीत एक खोट आहे. कायदा झाडाचे रक्षण करतो, पाण्याच्या जागेचे नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या प्रकल्पात वाद झाडांच्या संख्येवर येऊन थांबतो. बुलेट ट्रेनसाठी आधी ५३ हजारांहून अधिक कांदळवृक्ष तोडावे लागणार होते. आराखडा बदलून ती संख्या सुमारे २२ हजारांवर आली आणि डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली. संख्या कमी झाली हे चांगलेच. पण तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे झाडे लावण्याची अट घातली जाते, तेव्हा ‘दुसरीकडे’ या शब्दाने सगळे निसटते. मिठीच्या मुखाशी असलेली एक हेक्टर दलदल कुर्ल्याच्या पुराशी थेट बांधलेली आहे. तिच्या बदल्यात दुसऱ्या खाडीत दहा हेक्टर रोपे लावली, सगळी जगली, तरी कुर्ल्याला त्याचा थेंबभर उपयोग नाही. कार्बनचा हिशेब कदाचित जुळेल, पाण्याचा जुळणार नाही.

मोकळी मिठागरे तर या रक्षणातूनही सुटतात, कारण त्यांवर झाड नसते. ठाणे खाडीच्या काठची मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची मिठागरे पावसाळ्यात पाणी धरतात. त्यांतली सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. घरे हवीतच, आणि धारावीकरांना चांगली घरे मिळावीत हे कोण नाकारेल? पण पूर झेलणारी सखल जमीन स्वस्त आणि मोकळी दिसते म्हणून तिथे माणसे नेऊन वसवायची, ही चूक आपण मिठीच्या काठी एकदा केली आहे.

उकिरड्याचे रान

धारावीच्या अगदी कडेला, मिठीला खेटून महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकर. आत शिरले की पाच मिनिटांत बसचे हॉर्न मागे पडतात. पायाखाली पालापाचोळा, वर दाट सावली, झाडांच्या पाट्यांवर मराठी नावे, मधे पावसाच्या पाण्याचे तळे. शाळेच्या सहली येतात, मुले गांडुळखताच्या खड्ड्यापाशी नाक मुरडतात आणि तरी वाकून बघतात. हा सगळा १९७०च्या दशकापर्यंत शहराचा उकिरडा होता. आज ज्या मातीवर आपण चालतो, तिच्या खाली अनेक वर्षांचा कचरा आहे. १९८३ मध्ये सालीम अलींच्या हस्ते पहिले झाड लागले, १९९४ मध्ये उद्यान खुले झाले.

नियोजनाची चर्चा करताना मी या उद्यानाचा दाखला वारंवार देतो, आणि तो केवळ पाखरे-फुलपाखरांसाठी नाही. मुंबईत जागाच नाही, हे वाक्य इथे खोटे ठरते. ज्या शहराला उकिरड्यावर, धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मधोमध, सोन्याच्या भावाच्या जमिनीवर रान उभे करता आले आणि ते तीस-चाळीस वर्षे टिकवता आले, त्या शहराला नदीसाठी आणखी पाच-सात जागा मोकळ्या करता येतील. तिथल्या कडेच्या कांदळवनात भरतीचे पाणी अजून आत-बाहेर करते. उधाणाच्या दिवशी तिथे उभे राहिले की पाणी मुळांमधून कसे संथ चढते ते दिसते. चढताना त्याचा आवाज होत नाही. चार पावलांवर, भिंत असलेल्या काठाला, तेच पाणी चापट मारत आदळत असते. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ अलिबागच्या बाजूने किनाऱ्यावर आले, पुढच्या मे महिन्यात तौक्ते मुंबईच्या जवळून गेले. अशा दिवसांत लाटेचा जोर आधी झाडांनी घ्यावा आणि उरलेला भिंतीने, अशी मांडणी असेल तर भिंतही जास्त वर्षे टिकते.

नियोजन कसे असावे

मार्च २०२२ मध्ये मुंबईचा हवामान कृती आराखडा आला. पूर, उष्णता, हरित क्षेत्र यांचा त्यात विचार आहे, आणि पालिकेने पुढे अर्थसंकल्पात हवामानासाठीच्या खर्चाचा वेगळा हिशेब मांडायला सुरुवात केली, हेही चांगले. माझे म्हणणे एवढेच की मिठीपुरता आराखडा वरून खाली, पाण्याच्या वाटेने लिहावा, आणि प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावा: इथे पाणी किती तास थांबेल?

वर, आरे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या उतारावर, काही बांधायचे नाही. आहे ते सोडायचे. जुलैत माती भिजून चिंब झाल्यावर पाणी फारसे मुरत नाही, हे खरे आहे, म्हणून ‘जंगल सगळे पाणी शोषून घेते’ असे मी म्हणणार नाही. पण गवत, झुडपे, दगड, खाचखळगे यांतून पाणी उतरायला जास्त वेळ लागतो. काँक्रीटवरून वीस मिनिटांत येणारे पाणी तिथे तासभर रेंगाळते. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्रीत सुरू झालेल्या आरेतल्या वृक्षतोडीवर शहर रस्त्यावर उतरले. तेव्हा चर्चा झाडांची झाली, पण मेट्रोच्या कारशेडची ती ३३ हेक्टर जमीन मिठीच्या काठची होती, हा मुद्दा मला जास्त गंभीर वाटला होता.

मधल्या पट्ट्यात, साकीनाक्यापासून कुर्ल्यापर्यंत, मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत आहे: मैदाने, शाळांची पटांगणे, संस्थांची मोठी आवारे. पालिकेने हिंदमाताच्या पुरासाठी परळ-दादरमध्ये मैदानांखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या, भरती उतरेपर्यंत पाणी धरून ठेवण्यासाठी. कल्पना अगदी बरोबर आहे. तीच मिठीच्या खोऱ्यात जमिनीवर, कमी खर्चात करता येईल. मैदान आसपासच्या रस्त्यापेक्षा मीटर-दीड मीटर खाली घ्यायचे. वर्षातले साडेतीनशे दिवस तिथे क्रिकेट, आणि मुसळधार पावसाच्या दोन-चार दिवशी तळे. सिंगापूरने बिशान-आंग मो किओ उद्यानात कल्लांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा नाला फोडून तिला पुन्हा वळणावळणाने वाहू दिले. २०१२ पासून तिथे एरवी लोक हिरवळीवर बसतात आणि मोठ्या पावसात तीच हिरवळ नदीचे पात्र होते. सिंगापूरकडे बोट दाखवताना एक फरक मात्र विसरता येत नाही. त्यांच्या नदीत मलजल येत नाही. आपल्याकडे मैदानावर थांबलेल्या पाण्यात मैला असेल तर ते मैदान दुसऱ्या दिवशी रोगराईचे घर होईल, आणि २००५ नंतरचा लेप्टो आठवतोय. म्हणून मिठीत येणारे मलजल अडवून प्रक्रिया केंद्राकडे नेणे ही हिरव्या नियोजनाची पहिली अट आहे. ती पूर्ण झाल्याशिवाय बाकीचे आराखडे कागदावर सुंदर दिसतील.

खालच्या पट्ट्यासाठी तर आपल्याला परदेशात जायचीही गरज नाही. कोकणात खारभूमीला बांध घालून त्यात उघाडी बसवतात. भरतीचे पाणी आले की त्याच्याच दाबाने उघाडीचे दार बंद होते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ते उघडते. वीज नको, पंप नको. गोव्याच्या खाजणांतला मानस हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करतो आहे. त्याच्या आत भात होतो, मासळी होते. मिठीच्या खालच्या काठाला पुढे कांदळवनाचा पट्टा आणि त्याच्या मागे, भरतीपासून बांधाने राखलेले, उघाडी बसवलेले थांबण्याचे तळे अशी रचना करता येईल. खाजणाचा एक मोठा दोष मी आधीच सांगितला आहे: ऐन उधाणाला ते समुद्राने भरलेले असते. उघाडी तोच दोष काढते. तळे भरतीच्या वेळी रिकामे राहते आणि वरून येणाऱ्या पावसाच्या पाण्यासाठी मोकळे मिळते. खाडीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आगरी-कोळी माणसांना हे शिकवावे लागणार नाही. आराखडा करताना त्यांना टेबलाच्या या बाजूला बसवावे लागेल.

आणि काठावरची घरे? इथे मला कुणी सोपे उत्तर दिले की मी सावध होतो. हरित पट्टा म्हटले की पहिला बुलडोझर झोपडीवर जातो, कारण ती हलवणे सर्वांत सोपे असते. भरावावरचे काचेचे टॉवर मात्र जागच्या जागी राहतात. नदीला जागा द्यायची तर काही घरे हलवावी लागतील, हे मान्य. पण ती हलवायची तर आसपासच, जिथे त्या बाईची धुण्या-भांड्यांची कामे आहेत, मुलांची शाळा आहे, तिथे, आणि पुराच्या पातळीच्या वर. आणि टॉवरांनीही आपला वाटा द्यावा: त्यांच्या आवारातले, तळघरातले, बागेतले पाणी धरून ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक करता येते. ज्यांच्या भरावाने नदीची जागा गेली, त्यांच्याकडून थोडी जागा परत मागणे अन्यायाचे नाही.

शेवटचा मुद्दा मालकीचा. या नदीच्या काठावर महापालिका, विकास प्राधिकरण, विमानतळ, रेल्वे, वन विभाग, जिल्हाधिकारी असे सगळे आपापल्या तुकड्याचे मालक आहेत. झाड तोडले तर कुणाकडे तक्रार करायची, हे आता ठरले आहे. पाण्याची जागा बुजली तर कुणाकडे जायचे, हे ठरलेले नाही. रात्री राडारोड्याचा ट्रक येतो, दोन फेऱ्यांत भरतीची एक वाट बुजते, मागची झाडे उभ्या उभ्या सुकतात. त्या गुन्ह्याची नोंद झाडांच्या नावाने होते, ती सुकल्यावर. भरतीची वाट बुजली त्याच दिवशी ती व्हायला हवी.

मी सुरुवातीला सांगितलेल्या पुलाखाली, भिंतीच्या पायथ्याला साचलेल्या गाळावर या वर्षी तिवराची रोपे आपोआप रुजली आहेत. कुणी लावली नाहीत; भरतीबरोबर बिया आल्या आणि टिकल्या. वीतभर उंच, चार-सहा पाने, पानांवर मीठ. पावसाळ्यापूर्वी गाळ काढण्याची यंत्रे येतील तेव्हा हा पट्टाही त्यांच्या आखणीत असेल, कारण पात्र मोकळे ठेवायचे तर गाळ काढावाच लागतो आणि भिंतींमध्ये अडकलेल्या पात्रात नदी आणि झाड दोघांना पुरेल एवढी रुंदी नाही. भिंत तीस मीटर मागे असती तर ही रोपे राहिली असती आणि पाणीही गेले असते. त्या तीस मीटरांत आज एक वापरात नसलेला पार्किंगचा पट्टा आहे आणि कुंपणामागे थोडे गवत.